साहेब येणार म्हणून झाडलेलं अंगण

परवा तुम्ही कात्रीने कोपरा कापून, दूध ओतून घेऊन फेकलेली पिशवी आज कुठे आहे, सांगता येईल तुम्हाला? नाही येणार. मला सांगता येतं, कारण आमच्या लहानपणी ती आमच्याकडेच यायची. आधी गाडीतून खदानीत, मग जळून आभाळात आणि तिथून काळ्या, हलक्या, बोटाला लागताच फुटणाऱ्या काजळीच्या पाकळ्या होऊन आमच्या अंगणात, अंथरुणात, पाण्याच्या माठात आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीत. तुमच्या घरातून निघालेल्या वस्तूचा एवढा पत्ता तुम्हीही कधी काढला नसेल.

सत्ताविसाव्या वर्षी आठवणी लिहायला बसले म्हणून हसू नका. आठवणी म्हातारपणी लिहाव्यात हा नियम ज्यांची फुप्फुसं सत्तर वर्षं टिकतात त्यांनी केला आहे. आमच्याकडे जरा घाई असते.

जळगावहून धुळ्याकडे जाताना मधे जी गावं लागतात त्यांतलं एक आमचं. नाव सांगत नाही, कारण वाचताना तुम्हाला ते तुमचंच वाटावं अशी इच्छा आहे. आमच्या वस्तीला खदानपुरा म्हणत. गावातल्या पक्क्या घरांसाठी एकेकाळी इथून दगड गेला. दगड संपला, खड्डा उरला, आणि त्या पक्क्या घरांतला कचरा त्याच वाटेने परत आला. खड्ड्याच्या पूर्वेला आमची घरं: एक ओळ आम्हा बौद्धांची, एक ओळ मुसलमान पिंजारी आणि भंगारवाल्यांची, कडेला भिल्लांची पाच-सहा खोपटी. पश्चिमेला, शेतं ओलांडून, शिक्षक कॉलनी. उन्हाळ्यात आमच्या मुलखात वारा पश्चिमेकडून वाहतो. कचऱ्याची जागा ठरवणाऱ्या साहेबांनी म्हणे वाऱ्याचा नीट अभ्यास केला होता. केलाच असणार. इतका अचूक परिणाम अभ्यासाशिवाय येत नाही. वाऱ्याला जातधर्म नसतो असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं, पण आमच्या गावचा वारा बहुतेक शाळेत गेला नव्हता.

खदानीत उन्हाळाभर काही ना काही जळत असे. कधी आपोआप पेट घेई, कधी वायरीतलं तांबं काढायला कुणी पेटवी, कधी ढीग फार वाढला की गाडीवालेच काडी लावून जात. आम्ही पोरं डोळे मिटून ओळखायचो, आज काय जळतंय. टायरचा वास घशात आडवा बसायचा. प्लास्टिकच्या चटयांची कातरणं गोडसर वासाची, त्याने डोकं धरायचं. दवाखान्याच्या पिशव्या जळल्या की भिल्लांची कुत्री वस्ती सोडून शेतात जाऊन बसायची. आमच्यापेक्षा त्यांना कळायचं जास्त, शिवाय त्यांना रेशन कार्डावरचा पत्ता सांभाळायचा नव्हता.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावातल्या एका छापखान्यात कामाला होते. चुकलेले, डाग पडलेले कागद ते घरी आणत, आणि आमचं सगळं घर त्या कागदांवर चालायचं. एका बाजूला ‘भव्य साडी महोत्सव’ तर कोऱ्या बाजूवर माझे पाढे. भाकरी बांधायला मोर्चाचं पत्रक, डब्याच्या तळाला कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. चळवळीची पत्रकं मात्र आबा वेगळी ठेवत आणि जेवण झालं की मोठ्याने वाचत. ज जहाजाचा नव्हे, जाहीर सभेचा, आणि न नळाचा नव्हे, निषेधाचा, असंच मी शिकले. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाचा शेवट मी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असा केला होता. बाईंनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं. आबांनी तो निबंध दहा जणांना दाखवला.

माय, म्हणजे आमची आई, असोद्याची. तिला पत्रकांचं कौतुक नव्हतं. तिचा विश्वास बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर. चैत्र लागला की ज्वारी भिजायची, दळली जायची, भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, पांढरे तीळ घालून पीठ रटरट शिजायचं, आणि ऊन चढायच्या आत माय आणि शेजारची शकीला चाची खाटांवर ओली धोतरं पसरून त्यावर पाण्याच्या हाताने पातळ बिबडे थापायच्या. तिकडे थापल्याचा चप्‌चप्‌ आवाज, इकडे चाचीच्या नवऱ्याच्या पिंजणाची तार, आणि आमचं काम अर्धे वाळलेले बिबडे शेंगदाण्यांसोबत चोरून खायचं. आमची चोरी मायला दिसायची. न दिसल्यासारखं करायलाही तिला आवडायचं. हे बिबडे शिक्षक कॉलनीत जात. तिथल्या एका वहिनी दरवर्षी पहिला डबा घेत. एकदा त्यांनी बिबडा उजेडात धरून कौतुकाने विचारलं, “यंदा काळे तीळ घातलेत का गं? छान दिसतात.” घरी येऊन तिने उरलेले सगळे बिबडे फडक्याने एकेक करून पुसले आणि पुसताना फुटले ते आम्हाला खायला दिले.

माझी बहीण करुणा तेव्हा सहा वर्षांची. धूर वाढला की ती गुडघ्यांवर हात टेकून म्हातारीसारखी बसे, आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजे. आबा तिला हसवायला म्हणत, “ऐका, मालगाडी पाचोऱ्याला आली.” शिट्टी वाढली की गाडी जळगावला पोचली. करुणालाही ते आवडे; दम गेला की तीच सांगे, “गेली गाडी.” एका उन्हाळ्यात गाडी जाईचना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि चिठ्ठीवर औषधाखाली लिहून दिलं, ‘धूर टाळा. मोकळ्या हवेत ठेवा.’ मायने ती चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि विचारलं, “मोकळी हवा कोन्या दुकानमा भेटस?”

मी तेव्हा तेरा वर्षांची आणि पत्रकांवर पोसलेली. मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘साहेब, एकदा खदानपुऱ्यात या!’ उद्गारचिन्हं तीन होती, आबांनी दोन काढली. मालकांच्या परवानगीने त्यांनी ते छापलं, आम्ही ते कचऱ्याच्या खात्याच्या साहेबांच्या टेबलावर, दारावर आणि जीपच्या काचेवर लावलं. आणि नवल म्हणजे निरोप आला: साहेब गुरुवारी येतील, पाहणी करतील.

आता ऐका आम्ही काय केलं ते. साहेब आमचा धूर बघायला येणार होते, काजळी बघायला येणार होते, आणि आमच्या वस्तीने बुधवारी सकाळपासून धूर आणि काजळी यांचा मागमूस पुसून काढला. घरी पाहुणा येतोय म्हटल्यावर आमच्या बायका दुसरं काही करूच शकत नाहीत. पत्रे धुतले. दारांच्या चौकटी माती लावून घासल्या. अंगणं शेणाने सारवली, वर रांगोळी. शकीला चाचीने दाराच्या काळ्या झालेल्या हिरव्या रंगावर नवा हिरवा रंग दिला. पोरांची नाकं आतून पुसली, जिथून रोज काळं निघे. मी अंगणात उभी राहून ओरडले, “माय, राहू दे ना! तेच तर दाखवायचंय!”

मायने झाडू थांबवला नाही. “साहेब ई ऱ्हायना, आनि मी असं काळं अंगन दखाडू का त्याले? लोके काय म्हनतीन? खदानवाल्या बाया घान शेतस म्हनतीन.”

“अरी, मेहमान के सामने कोई अपना कचरा रखता है क्या?” चाची रंगाचा ब्रश नाचवत म्हणाली.

“चाची, कचरा आपला नाहीच आहे!”

“वो तो तेरे को मालूम, मेरे को मालूम. साब को थोडी मालूम है.”

मी आबांकडे पाहिलं. क्रांतीच्या बाजूने ते बोलतील अशी आशा होती. आबा स्टुलावर उभे राहून छताची जळमटं काढत होते.

गुरुवारी साहेब आले. त्याआधी सकाळीच टँकर येऊन खदानीतली आग विझवून गेला होता. पाहणीची तयारी दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे झाली होती. साहेब सज्जन होते, हळू बोलणारे. वस्तीतून फिरले, रांगोळ्या ओलांडताना पाय जपून टाकले, बोटाने खिडकीची कड पुसून पाहिली. बोट स्वच्छ. मायने चहा दिला, पांढराशुभ्र बिबडा भाजून दिला. तो तिने दहा वेळा पुसला होता. “वा!” साहेब म्हणाले. “इतकी स्वच्छ वस्ती मी चांगल्या चांगल्या कॉलन्यांतही पाहिली नाही.” करुणा नवा फ्रॉक घालून दारात उभी होती. त्या दिवशी वारा पडला होता, आग विझली होती, आणि तिची गाडी पार भुसावळच्या पलीकडे गेली होती. ती चक्क हसली.

पंधरवड्याने दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं की वस्तीत धूर वा काजळी आढळली नाही, सबब तक्रार निकाली. दुसरा काचेच्या चौकटीत होता: स्वच्छतेबद्दल प्रशस्तिपत्र. ते कुणाला दिलं होतं? ‘खदानीलगतच्या मोकळ्या जागेतील रहिवासी यांस.’ आबांनी छापखान्यातून कचऱ्याच्या जागेचा नकाशा मिळवून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. शिक्षक कॉलनीतलं एकेक घर नकाशावर होतं, गणपतीचं देऊळ होतं, आंब्याची दोन झाडंही होती. आमच्या जागी पांढरा कागद होता आणि वर लिहिलं होतं, ‘मोकळी जागा’. मोकळ्या जागेला प्रशस्तिपत्र देणारं खातं जगात दुसरं नसेल. मायने ते भिंतीवर टांगलं. चार दिवसांत काचेवर काजळीचा थर बसला, माय तो पुसायची, पुन्हा बसायचा. मी दात-ओठ खायचे.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाऱ्याने चूक केली. दोन दिवस तो पूर्वेकडून वाहिला. फक्त दोन दिवस. सणासाठी माहेरी आलेल्या लेकी झोक्यांवर बसल्या होत्या, आमच्याकडे आभाळ निळं होतं, आणि खदानीचा धूर शेतं ओलांडून थेट शिक्षक कॉलनीत चालला होता. माय बिबड्यांचा डबा पोचवायला गेली, तेव्हा वहिनी दारातच नाकाला पदर लावून उभ्या. “अगं, हे काय भयंकर! माणसं जगतात तरी कशी अशात?” माय परत आली ती हे वाक्य तोंडात घोळवतच. पाच वेळा तरी तिने ते स्वतःशी म्हटलं. कॉलनीतून फोन गेले. आमची अर्जांची चळत आबांच्या ट्रंकेत होती. त्यांचा अर्जही झाला नाही, तरी निरोप आला की सोमवारी साहेब स्वतः खदान बघायला येतात.

शुक्रवारी वारा जागेवर आला आणि धूर घरी परतला. करुणा पुन्हा गुडघ्यांवर हात टेकून बसली. वस्तीतल्या बायकांनी सवयीने बादल्या भरल्या. तेव्हा माय अंगणात येऊन उभी राहिली. हातात झाडू होता, तो तिने खाटेखाली सरकवला. “आते झाडू नका कोनी. तीन दिन. जसं शे तसं राहू द्या.”

तुम्हाला हे सोपं वाटेल. आमच्या बायकांसाठी ते उपोषणापेक्षा कठीण होतं. तीन दिवस माय उंबऱ्याकडे बघायचीच नाही. हात आपोआप फडक्याकडे जायचा, ती तो मांडीखाली दाबून बसायची. शकीला चाची रविवारी सकाळी कुणी नाही असं बघून हळूच दाराची कडी पुसताना सापडली. “कडी ही तो है,” ती ओशाळून म्हणाली, “दरवाजा थोडी पोंछा.” मायने चुलीतली राख चिमटीत घेतली आणि हसत हसत कडीला पुन्हा लावली. मी तेव्हा ओरडले, की खोटा पुरावा चालणार नाही! पत्रकांनी माझं एवढं तरी भलं केलं होतं. कडी धुतली, आणि सोमवारपर्यंत ती आपली आपणच काळी झाली.

साहेब आले. टँकर आधी येऊन गेला होता, पण काजळी टँकरने धुतली जात नाही. खाटांवरची पांढरी धोतरं करडी झाली होती आणि त्यावर तीन दिवसांचे बिबडे तसेच होते, न पुसलेले. मायने एक उचलला, भाजला, ताटलीत घालून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी हात पुढे केला आणि थांबले. “तीळ काळे वापरता वाटतं?”

“तीळ पांढराच शेतस, साहेब,” माय म्हणाली. “काळं शे ते तुमनं शे.”

साहेबांनी हात मागे घेतला.

“खा ना. मनी आंडेर रोज खास.” आंडेर म्हणजे लेक. तिने करुणाला पुढे ओढलं, तिची पाठ साहेबांच्या बाजूला केली. बोलणं थांबल्यामुळे शिट्टी सगळ्यांना ऐकू आली. मग मायने भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढून ताटलीशेजारी ठेवलं. काळ्या काचेतून एक अक्षर दिसत नव्हतं.

साहेबांनी बिबडा खाल्ला नाही. चहाही घेतला नाही. त्यांचं मन हेलावलं होतं यावर माझा विश्वास आहे, ते खरंच सज्जन होते. महिनाभराने खदानीच्या एका बाजूला उंच भिंत उभी राहिली आणि भिंतीबाहेर झाडं लावली गेली. पश्चिम बाजूला. कॉलनीच्या बाजूला. पुन्हा वारा चुकलाच तर!

भिंत पूर्ण झाली त्या दिवशी मायने करुणाचे तीन फ्रॉक पिशवीत भरले आणि मामाकडे असोद्याला तिला सोडून आली. तिथे केळीच्या बागा, ओली हवा. करुणा तिकडे वाढली, शाळा शिकली, गाडीची शिट्टी विसरली. घरी ती फक्त पावसाळ्यात येते, आग विझलेली असते तेव्हा. उन्हं तापायला लागली की मामा मोटरसायकलवरून तिला परत नेतो. मायच्या घरात करुणाची खाट तेरा वर्षं बहुतेक भिंतीलाच उभी आहे. धूर माणसं मारतो असं पत्रकात लिहितात. तो घरांची वाटणीही करतो, ते लिहायला कुणाला जागा पुरत नाही.

आणि आता, यंदा, आम्ही जिंकलो. तसं म्हणतात. खदान बंद होणार, कचऱ्याची जागा हलवणार. आबांनी म्हातारपणी पेढे आणले. करुणाने फोनवर विचारलं, “मग उन्हाळ्यात येऊ?” मायने त्याच दिवशी तिची खाट उभी होती ती आडवी केली, वर चादर घातली. मी हरकती मागवणाऱ्या नोटिशीसोबतचा नवा नकाशा जमिनीवर पसरला. जागा दूर होती, सातपुड्याच्या पायथ्याशी. माय चष्मा लावून वाकली. तिला वाचता येत नाही, पण नकाशावरचा पांढरा तुकडा तिने बरोबर ओळखला. त्यावर बोट ठेवलं.

“आठे काय लिखेल शे?”

“मोकळी जागा,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला.

मायने बोट उचललं नाही. खाटेकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे. “तठे कोन ऱ्हास?” तिथे कोण राहतं, एवढंच तिने विचारलं.

आबांच्या हातातला पेढा हातातच राहिला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला वाटलं, नको विचारू माय, एवढं एकदा नको विचारू. करुणा येऊ दे. पत्रकांवर वाढलेली मी, आणि मला असं वाटलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघी एसटीने आणि पुढे चालत तिथे गेलो. पावरा आदिवासींची अकरा घरं, कोरडवाहू तुकडे, मोहाची झाडं. पहिल्याच घरापुढे माझ्या वयाची एक बाई लगबगीत होती. अंगण झाडून झालं होतं. आता ती दोरीवरचे कपडे काढत होती, खाटा आत नेत होती, शेळ्या नाल्यापलीकडे बांधून आली होती, आणि पोरांना म्हणाली होती, दुपारपर्यंत रानात जा, गोंगाट नको. मी विचारलं, काय चाललंय? ती हसली. “साहेब येणार ना आज, जागा बघायला. पसारा बरा नाही दिसत.”

जागा मोकळी कशी होते, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मायने तिच्या हातातले ओले कपडे काढून घेतले आणि एकेक पुन्हा दोरीवर घालू लागली. लाल लुगडं, दोन लहान सदरे, एक झबलं. मग तिला म्हणाली, “पोरेस्ले हाक मार, बाई. बठ्ठासले बोलाव.” बठ्ठा म्हणजे सगळे.

खदान बंद करा, पण ती उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊ नका, अशी हरकत आम्ही नोंदवली आहे. तिच्यामुळे करुणाचं येणं लांबलं; मायने खाट पुन्हा उभी केली, पण चादर काढली नाही. आता तुमचं काम सांगते, छोटं आहे. तुमच्या गावच्या कचऱ्याचा नकाशा मागवा, त्यातली मोकळी जागा शोधा आणि स्वतः चालत तिथे जा. धुण्याची दोरी दिसली तर त्या घरांतल्या माणसांना नावं विचारून हरकतीच्या अर्जात एकेक लिहा. आणि साहेब यायच्या दिवशी, कृपा करून, तिथल्या बायकांच्या हातातला झाडू धरून ठेवा.